चौथी वायर

उभी असली की थरथरते.
रस्त्याला लागली की गुणी लेकरू,
पण पेन्यास्कोच्या पोस्टापुढे थांबली रे थांबली
की आरसा असा हलतो,
मागचा डोंगर दोन-दोन दिसतो.

प्लग बदलले मागच्या महिन्यात.
पैसे गेले, दुखणं तिथंच.
एउसेबियो मामा, उजव्या कानाने ठार बहिरा,
बॉनेट उघडून डावा कान आत घालतो.
“एकेक वायर काढ, देल्फिना.
चिंधी धरून. झटका बसेल.”

पहिली काढली: इंजिन अडखळलं.
परत लावली. दुसरी: अडखळलं.
तिसरीला बंदच पडायला आलं,
पत्र्यावरचा पाना खाली.
चौथी काढली
आणि काहीच झालं नाही.
तीच थरथर. तेवढीच.

“हीच,” मामा म्हणाला.
जिच्या असण्या-नसण्याने फरक पडत नाही, ती.

मी वायर धरून उभी.
ठिणगी तर पडत होती, निळी, टक टक,
चिंधीतूनही बोटांना कळणारी.

मग त्याने बाटलीतलं पाणी सोडलं
मॅनिफोल्डच्या सांध्यावर, धारेला धार न लावता.
सहाव्याशी नुसतं वाफाळलं. पाचव्याशीही.
चौथ्याशी आत ओढलं गेलं, सुस्स,
आणि दोन श्वासांपुरतं
अख्खं इंजिन एका सुरात.
दाराचा आरसा हलायचा थांबला.

“मेलेलं नव्हतं गं,” मामा म्हणाला,
“भलतीकडची हवा खात होतं.”

गॅस्केट अकरा डॉलरचं.
बोल्ट मात्र माझ्याहून थोरले, गंजून एकजीव.
पहिल्यावर तेल सोडून
मामाने हात पुसले.
उद्या, म्हणाला.