सदुसष्ट अंश

सियागंजात हुसामुद्दीनभाईंच्या दुकानात
मी झाकणं वाजवत उभी.
निळ्या पेटीचं झाकण पोकळ वाजतं,
डब्यात एकच सुपारी उरावी तसं.
"इसमें फोम नहीं है," मी म्हणते.
"बाजू में तो है, मॅडम. ढक्कन को कौन पूछता है?"

मी पुसते.
सव्वीस वर्षं नववीला उष्णता शिकवली,
वहन, अभिसरण, प्रारण,
आणि पोरं खिडकीतून पोह्याच्या पातेल्यावरची वाफ बघत बसायची.
त्यांचंच बरोबर होतं. ऊब वरूनच पळते.

"बर्फ कितने घंटे? शादी है? प्याऊ?"
"बर्फ नाही. गरम ठेवायचंय. एक तास. सदुसष्ट अंश."
भाई चष्मा काढून पुसतात.
या दुकानात उलट्या वाटेनं कुणी आलं नसावं.
"गरम क्या?"

जवाला मोड आणून, वाळवून, भाजून, भरडलेलं पाच किलो,
इथपर्यंत सांगता येतं. पुढचं नाही.
"सत्त्व," म्हणते. "नाचणीचं करतात ना, तसं जवाचं."
आईनं मला हेच पाजलं की.
ती एका पायरीवर थांबली,
मी तीन उतरले.

भाई शिडी लावतात.
एक चाळीस लिटरची पेटी, पिकनिकची, चाकंवाली.
हिच्यात माझा भरडा तळाला पसरेल
साखरपुड्याच्या हॉलमधल्या पाच पाहुण्यांसारखा,
आणि वरची सगळी रिकामी हवा त्याची ऊब खाईल.
एक थर्माकोलची, मासळीची. तिचा वास मीठ लावूनही जायचा नाही.
मग माळ्यावरून, धुळीतून, खाली येतो
लाल गोल कॅम्पर, एका केटररनं कधीच परत न नेलेला,
बुडाला नळ, आत जलजिऱ्याची जुनी आठवण,
झाकण जड. वाजवते. वाजत नाही.

शेजारच्या टपरीवरून उकळत्या पाण्याच्या दोन किटल्या मागवतो.
पिशवीतून थर्मामीटर काढते, तसा भाईंचा नोकर काम सोडून येतो.
आम्ही तिघं एका बंद भांड्याभोवती तासभर बसतो,
गिऱ्हाईक येतं, बघतं, जातं.
तासानं पारा दीड अंश खाली.
"ऐसी तो हमारी मासी थी," भाई म्हणतात.
"न किसी को आने दे, न जाने दे."

साडेसातशे. नळ भिकार आहे, तो बदलीन,
राणीपुऱ्यातून स्टीलचा आणीन,
गीझरच्या पाइपावरची जाळी सोलून आत बसवीन,
म्हणजे चोथा आत, रस बाहेर.
बिल लिहिता लिहिता भाई थांबतात.
"बन जाए तो चखाना, मॅडम. घुटने बहुत दुखते हैं.
जौ अच्छा होता है, सुना है।"

रविवारी, स्नेहलतागंजात, दुसऱ्या मजल्यावर:
आधी नुसतं उकळतं पाणी ओतून कॅम्परला जाग आणली, ओतून दिलं.
मग तेरा लिटर, चौऱ्याहत्तर अंश,
मग भरडा, मुठीमुठीनं, गुठळी राहू नये म्हणून
इरावती कलथ्यानं ढवळतेय आणि बडबडतेय,
"तुझ्या पेन्शनीत बाजारची मिळत नाही का?"
वर गोधडी. घड्याळ.
तासाभरानं पांढऱ्या बशीत एक थेंब रस, एक थेंब आयोडीन.
निळं होत नाही.
पिष्ट संपलं. साखर झाली.
शाळेत हा प्रयोग कधी पहिल्या फटक्यात जमला नव्हता.

नळ उघडते.
मधाच्या रंगाचा, पावाच्या वासाचा, दाट, गोड.
इथवर ते सत्त्वच आहे,
यीस्ट अजून फ्रिजमध्ये झोपलेलं.
पहिली बाटली बाजूला काढते,
बूच घट्ट लावून, वर्तमानपत्रात गुंडाळते.
उद्या सकाळी दहाच्या आत सियागंज,
आंबायच्या आधी.