इंजिनाचे तास

जूनमध्ये विकू नकोस, अल्फे म्हणाला,
मोसम संपला की पबनिकोच्या धक्क्यावर
निम्म्या होड्यांना पाट्या लागतात.
ऑक्टोबरात बघ.
नोव्हेंबराची शेवंडं तेव्हा
गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत वळवळायला लागतात.

मीटरवर आठ हजार नऊशे चाळीस तास.
नऊ हजार ओलांडले
की भाव एका रात्रीत म्हातारा होतो.

म्हणून उन्हाळाभर मी तिला हलवलं नाही.
बांगडे पार खाडीच्या तोंडाशी येऊन उड्या मारत होते,
आणि मी दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसून
साठ तास राखत होतो.

गिऱ्हाईक आलं. पोरगाच,
दाढीसुद्धा धड न आलेली.
बूड ठोकून पाहिलं, तळाचं पाणी हुंगलं.
इतकी खणखणीत आहे, तर विकता का?

मोठी घेतोय, पंचेचाळीस फुटी.
खोटं नव्हतंच ते.

मग चाकाशेजारच्या लाकडात
माझ्या अंगठ्यानं बावीस वर्षांत पाडलेला खळगा
त्याला दिसला.
त्यानं सहज आपला अंगठा ठेवला.
बरोब्बर बसला.

मी तिथल्या तिथे दोन हजार उतरवले.

अल्फे अजून बोलत नाही माझ्याशी.