दर चौरस फुटाला

उसपकर साहेब, दर सांगण्याआधी
मला जरा गुडघ्यावर बसू द्या.
उभ्याने सांगितलेला दर हमखास चुकतो.

टेपचं एक टोक इनासकडे, एक माझ्याकडे.
डिचोलीच्या बाजारावरचा हा माळा
बाराशे चाळीस फूट भरतो;
कपाटांखालचं सोडलं तर अकराशे साठ.
तुम्ही फोनवर म्हणाला होतात, तांबडं कार्पेट आहे.
मी एक कपाट चार बोटं सरकवते.
खाली निळं.

तुम्ही शिपायाकडे बघता,
शिपाई पंख्याकडे.

खाण चालू होती तेव्हाची ही पायवाट:
दारातून सरळ पैशांच्या खिडकीपर्यंत.
ट्रिपांच्या चिठ्ठ्या मुठीत धरून ड्रायव्हर यायचे.
'चपला बाहेर काढाव्यात' ही पाटी अजून आहे,
पण टाचांच्या भेगांत जे असतं
ते काढून कुठे ठेवणार?
त्यांतली एक जोडी माझ्या भावाची असेल.
नसेलही. मळाला नाव नसतं.
हिशेबनिसाच्या खुर्चीची चाकं इथे गोल फिरलीत,
इथे चहा, इथे बहुतेक शाई,
आणि इथे कुणीतरी खूप वेळ
एकाच पायावर भार देऊन उभं होतं.

साध्या ऑफिसला सहा रुपये घेते.
तुम्हाला अठरा.

हसू नका. तुम्हीसुद्धा मालाची प्रत बघूनच दर लावता ना,
साठ टक्क्यांचा वेगळा, अठ्ठावन्नचा वेगळा,
त्यातून ओलावा वजा.
मीही प्रतच बघते.
या धुळीवर आधी पाणी टाकलं तर गेरू होतो,
भिंती रंगवाव्या लागतील.
म्हणून आधी तीन हात कोरडे, उलटसुलट,
मग पावडर, ब्रश, गरम पाणी, ओढून घेणं,
आणि परत पाणी, जोवर बादली खोटं बोलायचं थांबत नाही.
त्या पाण्याचे दोन रुपये वेगळे धरलेत.
गटारात मी सोडत नाही.
नदीला तुमचा तांबडा पुरेसा पोचलाय.

"बारा," तुम्ही म्हणता.

मग मी एक फूट फुकट करून दाखवते.
ही युक्ती आहे, कबूल करते:
जागा निवडते ती तुमच्या खुर्चीतून दिसेल अशी.
वीस मिनिटं मशीन घरघरतं,
इनास शीळ घालतो, थांबतो,
आणि मशीन उचलल्यावर
त्या सगळ्या तांबड्यात एक निळा चौकोन,
कुणी चुकून खिडकी खाली पाडल्यासारखा.

शिपाई त्याला वळसा घालून जातो.
टायपिस्ट बाई साडी सावरते.
मघापर्यंत जे ऑफिस होतं
ते आता घाणेरडं ऑफिस झालंय.

"बाराच देईन."
मग राहू दे, साहेब. इनास, वायर गुंडाळ.
"अहो, पण हा चौकोन? सोमवारी हेड ऑफिसची माणसं येणार.
हा होता तसा करून द्या."

वीस वर्षांच्या धंद्यात
मळवायचा दर कुणी विचारला नव्हता.
मी खरंच मनात हिशेब मांडला:
पावसाळे किती, ट्रक किती, टाचा किती,
एका फुटाला.
नाही परवडायचं तुम्हाला, म्हटलं.

पंधराला आलात, मग साडेपंधराला.
शनिवारी सकाळी सात वाजता, चहा तुमचा.
सही केलीत, खालची ओळ न वाचता:
खिडकीपुढचे नऊ फूट, दुप्पट दराने.

टेंपोत इनास विचारतो,
"तिथं किते वेगळं होतं गो?"
गिअर पडत नाही पटकन, चढ आहे.
तिथे, मी म्हणते,
माणसं जास्त वेळ उभी होती.