किल्ली

अर्जाचा शेवटचा रकाना असा आहे:
तुम्ही केलेलं नेतृत्व, दीडशे शब्दांत.
आधी मराठीत लिहून बघितलं.
आकाश मंडळाची अध्यक्ष, दोन वर्षं,
सदस्यसंख्या एकेचाळीस.
खोटं नाही. रजिस्टरात एकेचाळीसच नावं आहेत.
गच्चीवर येतात सात,
ढग असले की तीन,
त्यातले एक वॉचमन ढमढेरेकाका,
ज्यांना दर वेळी चंद्रच बघायचा असतो.

दुर्बिणीचं कपाट तिसऱ्या मजल्यावर,
केमिस्ट्री लॅबच्या मागे.
किल्ली माझ्या सॅकच्या आतल्या कप्प्यात,
क्लासच्या आयकार्डाच्या नाडीत अडकलेली.
टिळक रोडच्या त्या अरुंद जिन्यात कार्ड काढलं
की ती खण्णकन खाली पडते
आणि मागचे चाळीस जण थांबतात.

शनिवारी रात्री शनी,
रविवारी सकाळी सातला टेस्ट.
आई म्हणाली, तू शनीच्या मागे लागलीस
की तो तुझ्या?
मार्क नेमके साडेसातने घसरले
तेव्हा मात्र काही बोलली नाही,
हसू दाबत पोह्यांवर खोबरं जास्त घातलं.

बाबांनी वहीच्या मागच्या पानावर
पट्टीने दोन रकाने आखले:
पर्सेंटाइल, आणि इतर.
इतरमध्ये मी लिहायला घेतलं
गच्चीच्या परवानगीचे नऊ अर्ज,
आरशावर धरलेली बुरशी,
म्हात्रे पुलाजवळच्या लॉनवरची लग्नं
आणि मृगावरून गरगर फिरणारे त्यांचे झोत.
रकाना बोटभर रुंद होता.
मृग दुसऱ्या ओळीवर गेला.

"दुर्बीण दुरुस्त करून घेतली"
हे वाक्य मला फार आवडलं होतं.
करून घेणं.
बरं क्रियापद आहे,
त्यात दुसऱ्याचे हात दिसत नाहीत.
हात अकरावीतल्या झुबेर बागवानचे.
त्याला पद नाही, बिल्ला नाही,
ग्रुप फोटोत त्याचा अर्धा कान आहे.
मी टेस्टला बसले होते त्या सकाळी
तो आरशाचे तीन स्क्रू
केसभर इकडे, केसभर तिकडे
करत बसला होता, चार तास, डबा न उघडता.

नवा अध्यक्ष निवडायचा होता.
एक चुणचुणीत मुलगी आली, पहिलाच प्रश्न:
पोस्टचं सर्टिफिकेट मिळतं ना?
मी कस्तुरेसरांकडे बघितलं.
सर माझ्याकडे बघत होते.
दोन वर्षांपूर्वी, हीच खुर्ची,
शब्दसुद्धा तेच होते माझे.
मिळतं, म्हणाले सर, लॅमिनेट करून मिळतं.

झुबेर दारात उभा होता.
म्हणाला, अध्यक्ष हिलाच करा ताई,
किल्ली मला द्या.

रात्री ते वाक्य खोडलं.
त्याचं नाव घालून पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं,
नाव घातलं की माझंच नेतृत्व कमी दिसत होतं,
आणि शेवटची तारीख उद्याची होती.
काय पाठवलं ते बाबांना सांगितलेलं नाही.

आता जिन्यात काही पडत नाही.
तरी कार्ड काढताना
मी क्षणभर थांबते, खाली बघते,
आणि मागचे चाळीस जण थांबतात.