विंगेतून

लष्करच्या हॉलात डिसेंबर शिरलाय,
मफलरात तोंड खुपसून मी नवी संहिता वाचतोय.
जुन्या नाटकाला सत्तावीस वर्षं
इथूनच वाक्यं पुरवली:
अंतरपाट, अक्षता, आणि पडद्याआधी नवरीचं
"जशी आपली इच्छा".

फाळक्यांच्या रेणूनं त्यावर काट मारलीय.
समासात पेन्सिलीनं: ती गप्प.

आज तालमीत अंतरपाट दूर झाला,
नवरी नुसती बघत राहिली त्याच्याकडे.
बाहेर टेम्पो गेला एक, मग दुसरा.
मी सवयीनं कुजबुजलो, "जशी आपली…"
रेणूचा हात वर:
"काका, विसरली नाहीये ती."

दौलतगंजातून सायकल ढकलतच आलो.
इंदुमतीनं पान मांडलं होतं.
"शनिवारी येतेस प्रयोगाला?" मी विचारलं,
आणि "गुडघे दुखतात हो, जमायचं नाही"
हे तिचं वाक्य
दरवेळसारखं माझ्याच जिभेवर आलं.

घासाबरोबर गिळलं.

ती बोलेना.
कढीवर पापुद्रा धरू लागला.
शेजारच्यांचा टीव्हीसुद्धा बंद झाला.
मी खाली मान घालून,
डाव तिच्या हातात.