पाग

पहिल्या दिवशी पाग पडला केळ्यासारखा.
दुसऱ्या दिवशी ओल्या लुगड्यासारखा.
तिसऱ्या दिवशी पडलाच नाही,
माझ्याच अंगाभोवती गुंडाळून राहिला,
आणि लोट्यावरून भिवाकाका ओरडला,
"ह्यो बघा, केवढो मासो गावलो!"

खाडी चाळीस पावलांवर.
पण मला माडांच्या पुढे जायची बंदी.
"आदी खळ्यात गोल पाड.
पाणी खंय पळान जातला?"

तर त्या सारवलेल्या कोरड्या समुद्रात
मी काय काय पकडलं:
एक चप्पल, सुपातली सोलं,
वहिनीचं घंगाळ,
आणि कुबलांचा कोंबडा, कितीदा तरी.
पुढे पुढे तो आपणहून येऊन उभा राही.

दोरीचा फास डाव्या मनगटाला,
अर्धं जाळं कोपरावर,
शिशाची कड दातांत.
तिची चव अजून आहे जिभेवर:
मीठ, चिखल,
आणि आधी कुणीतरी चावलेलं.
मग वळायचं कमरेतून.
"हात खोटा बोलतत. कंबर नाय."
आणि दात सोडायचे.

कधी सोडायचे, ते मात्र
त्यालाही सांगता आलं नाही.
लवकर सोडले तर केळं.
उशिरा सोडले तर दातच जातो.
(माझा एक गेला. दुधाचा होता.)

शाळेच्या वाटेवर मी रिकाम्या हातांनी टाकत जाई.
गणिताच्या तासाला मनगट आपोआप वळे.
"बाकाखाली काय चाललंय, तांडेल?"
काय सांगणार बाईंना?
जाळं हातातून सुटलेलं असतं,
जमिनीला लागलेलं नसतं,
आणि मधल्या हवेत
तव्यावर घावन पसरावं तसं
काहीतरी उघडत जातं.
एवढंच.
एवढ्यासाठी मी शंभरदा वाकून
शिसं गोळा केलं,
गाठी सोडवल्या, काटक्या वेचल्या,
आणि कंटाळा यायचा राहूनच गेला.

भिवाकाकाचे हात तेव्हा कापू लागले होते.
बशीत कप खुळखुळायचा.
तरी भर ओहोटीला तो खाडीत उतरे,
पाणी घोट्याएवढं,
बोयसुद्धा फिरकणार नाही अशा वेळी.
टाकी, ओढी, झटकी, टाकी.
एकदा वर आला तेव्हा मी विचारलं,
"काय गावलां?"
"आज डाव्या बाजून जरा कमी उघडलो,"
तो म्हणाला,
आणि पाय धुवायला गेला.

शिमग्याच्या आदल्या आठवड्यात
एका दुपारी
मी आणखी कशाचा तरी विचार करत होते,
बहुधा भुकेचा.
पाहिलं तर शिशाची कड
खळ्यावर थाळीसारखी गोल,
मधोमध कोंबडा, ढिम्म.

घर झोपलेलं.
कुणाला हाक मारावी असं वाटलं,
मग नाही वाटलं.
कोंबड्याला बाहेर काढलं,
"सरक रे मेल्या" म्हटलं,
आणि कड पुन्हा दातांत धरली.