सपाट गावची बाबागाडी

आमच्या युट्रेख्तमध्ये चढण म्हणजे कालव्यावरचा पूल,
तेवढीच. त्या भरवशावर घेतली होती ही बाबागाडी.
योस्टनं दुकानात तिची चाकं बोटानं फिरवून पाहिली होती,
सायकल घेताना पाहतात तशी.

पोर्तोनं पहिल्याच वळणावर तिला हात टेकायला लावले.

इथला रस्ता म्हणजे जिनाच,
मधेच दमून रस्ता झालेला.
घोटीव दगडांवरून फेम्के
सुपातल्या दाण्यासारखी पाखडली जात होती
आणि हसत होती. तिच्या हसण्याचे
दगडांनी तुकडे केले: ह, ह, ह, ह.

खोली घेताना 'तिसरा मजला' वाचलं होतं.
लिफ्टबद्दल काही लिहिलं नव्हतं,
आणि मूल नसतानाच्या जुन्या सवयीनं
आम्ही न लिहिलेलं वाचलं नव्हतं.
तळमजल्यावरच्या ग्रासिएत बाई
काही न विचारता पुढचं चाक धरून
उलट्या पावलांनी जिना चढू लागल्या,
सत्तरीच्या, कमरेला एप्रन, दातांत कपड्यांचा चिमटा.

सात वर्षांपूर्वी इथेच आलो होतो आम्ही.
दुपारी उठायचो तेव्हा.
नदीकाठी वाइन, मग कुठल्याशा तळघरात पहाटेपर्यंत गाणं,
आणि शहर जणू आमच्यासाठीच
नुकतं रंगवून ठेवलेलं.
या वेळी शहराच्या फोडी झाल्या:
दूध, झोप, दूध, लंगोट बदलायला जागा कुठे,
झोप. दोन झोपांच्या मधे एक चर्च, तेही बाहेरून.
निळ्या फरशांची ती भिंत मी पाहिली,
पण एक हात ओल्या रुमालांच्या पाकिटात घालून.

भांडलोही. पुलाच्या ऐन मध्यावर,
मोज्यावरून. डाव्या पायाचा मोजा
दौरू नदीत पडला की आधीच कुठे,
आणि कोणी बघायला हवं होतं.
खालून होड्या गेल्या. फेम्के
उघडा पाय गाडीबाहेर टाकून
आळीपाळीनं आमच्याकडे बघत राहिली,
शेजारच्या टेबलावरचं भांडण बघावं तशी.

शेवटच्या रात्री ती चारला जागी झाली ती झालीच.
योस्ट झोपेत म्हणाला, "माझी पाळी का?"
मी नाही म्हटलं. खरं तर होती.
तिला पोटाशी बांधून खाली उतरले.

रस्ता धुतला जात होता.
पाणी चढणीवरून खाली येत होतं,
दगडादगडापाशी थांबत, वाट विचारत.
याच वेळी आम्ही तेव्हा परतायचो.
म्हणजे पाइप धरलेला हा माणूस
तेव्हाही इथे असणार. किंवा याच्यासारखा कोणी.
मला एकही आठवत नाही.
यानं धार बाजूला घेतली
आणि फेम्केपुढे टोपी काढली,
मोठ्या साहेबापुढे काढावी तशी.

बेकरीचं शटर गुडघ्याइतकं उघडं.
त्याखाली उजेड, ऊब, पिठानं पांढरे झालेले दोन बूट.
मी काही मागितलं नाही, मागायला भाषा नव्हती.
एक मुलगी वाकून बाहेर आली,
फेम्केच्या हनुवटीवरची लाळ पाहिली,
आत जाऊन शिळ्या पावाचं कडक टोक आणलं
आणि स्वतःच्याच हिरडीवर बोट घासून दाखवलं:
हिला द्या.

बसले मग पायरीवर.
फेम्के पाव चघळत होती, कपाळाला आठ्या घालून,
एखादं कठीण पत्र वाचत असल्यासारखी.
भिजलेला तुकडा काढायला बोट घातलं
तर काहीतरी टोचलं.
साखरेच्या दाण्याएवढं. धारदार.

निघताना ग्रासिएत बाईंनी हातवारे करून विचारलं,
काय काय पाहिलंत?
योस्ट नकाशा उलगडू लागला.
मी फेम्केचा खालचा ओठ हळूच ओढून धरला.
बाईंनी चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता.
वाकल्या. बघितलं. पुन्हा बघितलं.
मग जिन्यात जाऊन वरच्या मजल्यांना
एवढ्या मोठ्यानं ओरडून सांगितलं
की पाठोपाठ तीन दारं उघडली,
आणि माणसं खाली उतरली, एकजण तर दाढीला साबण तसाच.

विमान साडेअकराचं होतं.
थोडक्यात चुकलं असतं.